मेलेल्या प्राण्यांबरोबर तीन महिने: संग्रहातल्या इंटर्नशिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की मेलेल्या प्राण्यांच्या आमच्या संग्रहात इंटर्नशिपसाठी फोन सुरू होतात. प्रश्न तेच, विचारणारी मुलं नवी. कधी मुलांचे आईवडीलही असतात. गेली काही वर्षं दिलेली उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते आहे.

प्राणिसंग्रहालयात इंटर्नशिप म्हणजे राणीच्या बागेत का?

नाही. हा घोळ मराठीनेच घातलाय. प्राणिसंग्रहालय म्हटलं की पिंजरे, पेंग्विन आणि बाहेरची भेळ डोळ्यांसमोर येते. इथे गोष्ट चाललीय निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या नमुन्यांची: कापूस भरलेले पक्षी, स्पिरिटमधले बेडूक आणि साप, पिनेला टोचलेली फुलपाखरं, कवट्या, शिंपले, अंडी. सगळे मेलेले, आणि त्यातले बरेच तुमचे पणजोबा जन्मायच्या आधी मेलेले.

काचेमागे जबडा वासून उभा असलेला पेंढा भरलेला वाघही यात येत नाही. तो प्रेक्षकांच्या दालनातला. अभ्यासाचा संग्रह मागच्या बाजूला, कुलपात, लोखंडी कपाटांच्या रांगांमध्ये असतो. तिथले पक्षी फांदीवर बसलेले नसतात. पाठीवर उताणे, पंख मिटलेले, पाय एकमेकांवर, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, असे ओळीने निजवलेले असतात. पहिला ड्रॉवर ओढला की बहुतेक मुलं गप्प होतात. एकजण म्हणाला होता, "मॅडम, हे शवागारच की." मी म्हटलं, शवागारात माणसं दोन दिवस राहतात, ही मंडळी शंभर-सव्वाशे वर्षं मुक्कामाला आहेत.

आपल्याकडे असे संग्रह कुठे आहेत?

मुंबईत पहिलं नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, म्हणजे बीएनएचएसचं. फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस. संस्था 1883 ची. आठ संस्थापकांपैकी दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. संग्रहात लाखाहून जास्त नमुने आहेत. त्यातले कित्येक सस्तन प्राणी 1911 ते 1923 या काळात संस्थेने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणातले आहेत. बोधचिन्हावरचा धनेश संस्थेच्या कचेरीत खरोखरच राहायचा. त्याचं नाव विल्यम.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं निसर्गविज्ञान दालन बीएनएचएसच्याच मदतीने उभं राहिलं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं, झेडएसआयचं, पश्चिम विभागीय केंद्र आहे. मूळ संस्था 1916 ची, मुख्यालय कोलकात्याला. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्री जिवांची ओढ असेल तर तिकडे पाहा. बेंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संशोधन संग्रह आहे.

आणि एक संग्रह तुमच्या नाकासमोर असू शकतो. जुन्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागात एक खोली असते. तिची किल्ली एका शिपायाकडे असते, आणि आत सुकत चाललेल्या बरण्या असतात. मोठ्या संस्थेत नंबर लागला नाही तर त्या खोलीची यादी करायची परवानगी विभागप्रमुखांकडे मागा. तीही इंटर्नशिपच. माझ्या मते तर जास्त शिकवणारी, कारण तिथे तुमच्या आधी कुणी काही लावून ठेवलेलं नसतं.

मार्क किती लागतात? पक्षी ओळखता यायला हवेत का?

मार्कांची अट असलीच तर संस्थेच्या जाहिरातीत लिहिलेली असते, ती पाहा. ओळखायचं म्हणाल, तर सलीम अलींची गोष्ट सांगते. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि हा कोणता पक्षी ते कळेना. म्हणून ते बीएनएचएसमध्ये गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी नाव तर सांगितलंच, वर कपाटं उघडून सगळा संग्रह दाखवला. पुढे पदवी नसल्यामुळे झेडएसआयमधली पक्षीतज्ज्ञाची जागा काही त्यांना मिळाली नाही. 1926 मध्ये ते मुंबईच्या संग्रहालयात, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून लागले. मग बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. आजच्या भाषेत ती इंटर्नशिपच झाली.

पक्षी ओळखणं तीन महिन्यांत जमू लागतं. वाईट अक्षर वाचायची चिकाटी मात्र तीन महिन्यांत येत नाही. ती घेऊन या. इतिहास, भूगोल, कॉम्प्युटर शिकणारी मुलंही चालतात, आणि भूगोलवाली कधीकधी प्राणिशास्त्रवाल्यांच्या पुढे जातात. का ते पुढे येईलच.

ओजेटीचे क्रेडिट मिळतात का?

नवीन शैक्षणिक धोरणानंतर एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग आलं: साधारण चार क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास. संग्रहातलं काम त्यात बसतं. पण हजेरीचा तक्ता, गुणपत्रक आणि मेंटॉरच्या सह्या तुमच्या विद्यापीठाच्या नमुन्यातच लागतात. ते कागद पहिल्या दिवशी आणा. शेवटच्या दिवशी आणलेत तर सही करणारा माणूस नेमका फील्डवर गेलेला असतो.

अर्जात काय लिहू?

"मला लहानपणापासून वन्यजीवांची आवड आहे" हे वाक्य सोडून काहीही. ते प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे ते लिहूनही काही कळत नाही. कोणत्या गटावर काम करायचंय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि आठवड्याचे किती दिवस येता येईल, ते लिहा. आधी काही मोजलं, लिहिलं, जुळवलं असेल तर तेही लिहा. एका मुलीने लिहिलं होतं की तिने वडिलांच्या किराणा दुकानातली दोन वर्षांची उधारीची वही एक्सेलमध्ये चढवली आहे. मी तिला त्याच दिवशी फोन केला. आणि दोन-तीन महिने आधी अर्ज करा; सरकारी संस्थेत फाईल टेबलावरून टेबलावर सरकायला वेळ लागतो.

स्टायपेंड?

बहुतेक ठिकाणी नाही. मुंबईत बाहेरून येऊन, खोलीचं भाडं भरून फुकट काम करणं सगळ्यांना परवडत नाही, आणि त्यामुळे हे क्षेत्र ठरावीक घरांतल्या मुलांचंच राहतं, हे मला खटकतं. माझ्या हातात एवढंच आहे की लांबून येणाऱ्यांना आठवड्याचे तीन दिवस सलग देते.

पहिल्या दिवशी काय करायचं असतं?

बसायचं आणि बघायचं. मग धरायचं कसं ते शिकायचं. पक्षी चोचीने, शेपटीने किंवा चिठ्ठीने कधीच उचलायचा नाही. तळहात खालून घालून, तान्ह्या मुलाला उचलावं तसा उचलायचा. ढालकिडा, म्हणजे बीटल, पिनेवर असतो. पिन त्याच्या उजव्या पंखकवचातून गेलेली असते, फुलपाखराची मात्र छातीच्या मधोमध. पिन वरून चिमटीत धरली की ती वाकते, सुटते आणि समोरचा पाय तुटतो. पाय तुटलाच तर तो टाकायचा नाही. छोट्या पुडीत घालून त्याच पिनेला लावायचा.

मग बरण्या. स्पिरिट उडतं आणि पातळी खाली जाते, ती भरायची. आपल्याला लागतं 70 टक्के आणि मिळतं 95 टक्के. सोपा हिशोब असा: 95 टक्क्यांचं 70 मिली घ्या आणि पाणी घालून 95 मिली करा. हा हिशोब ज्यांना पटकन जमतो त्यांना पुढचंही सगळं जमतं असं माझं निरीक्षण आहे, पण ते शास्त्रीय नव्हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खरं काम सुरू होतं. चिठ्ठी वाचायची, रजिस्टरशी ताडायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची. बहुतेकांच्या इंटर्नशिपचा दोन तृतीयांश वेळ यातच जातो. कवट्या साफ करायला मिळतील म्हणून आलेली मुलं इथे हिरमुसतात.

प्राणी समोर असताना चिठ्ठीचं एवढं कौतुक कशाला?

कारण चिठ्ठी गेली की उरतो तो फक्त कापूस भरलेला पक्षी. तो कुठला, कधीचा, नर की मादी, कुणी आणला, ताजा असताना डोळ्यांचा रंग काय होता, यातलं काहीही त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. आणि चिठ्ठी खोटी असेल तर ती नसण्याहून वाईट.

आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. रानपिंगळा हे लहानसं घुबड 1884 नंतर कुणाला खात्रीने दिसलं नव्हतं. मधली एकच नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश कर्नलने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ नमुना मिळवल्याचं सांगितलं होतं. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून शोधत राहिले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी या पक्ष्याचे जुने नमुने बारकाईने तपासले. प्रत्येक संग्राहकाची कातडं भरायची, टाके घालायची एक ढब असते. हस्ताक्षर ओळखावं तशी ती ओळखता येते. तर हा 1914 चा म्हणून ठेवलेला पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात खानदेशात मिळवलेला निघाला. कर्नलने तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरला, उसवला, पुन्हा भरला आणि स्वतःची चिठ्ठी लावली.

ती खोटी नोंद बाजूला केल्यावर उरली ती खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ती ठिकाणं शोधत निघाले, आणि 1997 च्या नोव्हेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा झाडावर बसलेला सापडला. 113 वर्षांनी. ज्या दिवशी चिठ्ठ्या चढवून कंटाळा येतो, त्या दिवशी मी मुलांना ही गोष्ट सांगते. कंटाळा जात नाही, पण हात चालू राहतो.

चिठ्ठीवरची जुनी ठिकाणं कशी शोधायची?

आता भूगोलवाल्यांचा नंबर. समजा चिठ्ठीवर "खानदेश" आहे. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिमचा पुढे धुळे झाला, आणि 1 जुलै 1998 ला त्यातून नंदुरबार निघाला. म्हणजे शहाद्याला रानपिंगळा पुन्हा सापडला तेव्हा ते गाव धुळे जिल्ह्यात होतं. एकाच टेकडीचे चार पत्ते, आणि चारही खरे.

"पूना", "ठाणा", "कॅनरा" ही सोपी. "वडगाव" आलं की डोक्याला हात. अशा वेळी चिठ्ठीवरची उंची, तारीख आणि त्याच माणसाचा आदल्या-नंतरच्या दिवसाचा मुक्काम जुळवायचा. काल लोणावळा आणि उद्या खंडाळा असेल तर मधलं वडगाव विदर्भातलं नव्हे. तरीही खात्री नसेल तर नकाशावर टाचणी मारायची नाही, वर्तुळ काढायचं. पाच किलोमीटरचं म्हणा किंवा पन्नासचं. संशयही आकड्यात लिहायचा असतो, हे या कामातलं मला सगळ्यात आवडणारं.

तारखांची वेगळीच तऱ्हा. 3-4-12 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? जुने जाणते म्हणून महिना रोमन अंकात लिहायचे. आणि एक्सेलचं कॅलेंडर 1 जानेवारी 1900 ला सुरू होतं. 1884 ची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, तर पुढची एखादी तो स्वतःच्या मनाने उलटी करून ठेवतो. दिवस, महिना, वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत. यावर वाद घालू नका.

आणि चिठ्ठीवर चूक दिसली तर ती दुरुस्त करायची नाही. आहे तसं अक्षर न् अक्षर उतरवायचं, आपलं मत शेजारच्या रकान्यात लिहायचं. जुनी चिठ्ठी काढून नवी सुबक छापील लावायचा मोह होतो. नवी लावा, पण जुनी जागची हलवू नका.

हे नमुने विषारी असतात म्हणे?

जुने असतात. कीड लागू नये म्हणून कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण फासायची पद्धत होती, ती विसाव्या शतकातही बराच काळ चालली. कुठेकुठे पाऱ्याचे क्षारही वापरलेले असतात. त्यामुळे हातमोजे घालायचे, तोंडाला हात लावायचा नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे. पक्ष्यावरची धूळ फुंकायची तर मुळीच नाही. मास्कचा कंटाळा करणाऱ्याला मी घरी पाठवते.

फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, आणि त्यातलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे हे सिद्ध झालंय. आता ते फक्त सुरुवातीला ऊती घट्ट करायला वापरतात, मग नमुना स्पिरिटमध्ये जातो. डीएनएसाठी तुकडा काढायचा असेल तर तो फॉर्मॅलिनच्या आधी. दमा असेल, दिवस गेले असतील, तर आधी सांगा. लाजू नका, आम्ही कॉम्प्युटरवरचं काम देतो.

वास येतो का?

डांबरगोळ्यांचा आणि स्पिरिटचा येतो. आठवड्याने येईनासा होतो. घरच्यांना येत राहतो.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

पावसाळ्यात तर जास्त. मुंबईची हवा म्हणजे बुरशीचं माहेर. त्यात संग्रहातले खरे दरोडेखोर येतात: म्युझियम बीटल नावाचे दोन-तीन मिलिमीटरचे ढालकिडे. त्यांची केसाळ अळी पिनेवरचा किडा आतून पोखरते. वरून सगळं ठीक दिसतं, खाली पाहावं तर पिनेभोवती तपकिरी भुकटीची रांगोळी. अशी रांगोळी दिसली तर ओरडा, संकोच करू नका. तो ड्रॉवर प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात. बाहेरून आलेला प्रत्येक नवा नमुनाही आधी याच वाटेने जातो.

आमच्या घरी माळ आहे. मला प्राणी मारावे लागतील का?

नाही. हा प्रश्न विचारताना मुलं ओशाळतात, ते कशाला? इंटर्नने काही मारायचं नसतं. कपाटातले बहुतेक पक्षी आणि सस्तन प्राणी ज्या काळात मारले गेले तेव्हा साहेब लोकांच्या दोन्ही हातांत बंदूक होती. त्याचं समर्थन मी करणार नाही. आता वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहे आणि परवानगीशिवाय नमुना गोळा करता येत नाही. आज येतात ते बरेचसे काचेवर आपटून, गाडीखाली येऊन किंवा प्राणिसंग्रहालयात आजारपणाने मेलेले. किडे, मासे, बेडूक यांचे नमुने अजून परवानगीने घेतात, कारण नवी जात नुसत्या फोटोवर पक्की करणं अवघड. तुम्हाला ते पटत नसेल तर तसं सांगा, कुणी जबरदस्ती करत नाही.

पण जे आधीच मेलेत ते काय कामाचे, तर हे पाहा. ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे झपाट्याने कमी होत होते. डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी अंडी मोजली आणि वजनं घेतली, आणि 1967 मध्ये दाखवून दिलं की 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचं पातळ झालीत. ती डीडीटी या कीटकनाशकाच्या वापराची सुरुवात. अंडी जमवणाऱ्यांना बिचाऱ्यांना डीडीटी हा शब्दही ठाऊक नव्हता.

रस्त्यात मेलेलं घुबड सापडलं, घेऊन येऊ?

नका आणू. कायद्याने संरक्षित प्राणी मेलेला असला तरी सरकारी मालमत्ता असतो. तो हातात घेतलात तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, आम्हाला आणि वनखात्याला फोन करा. आजोबांच्या काळातलं बिबट्याचं कातडं माळ्यावर निघालं तरी तेच: पिशवीत घालून लोकलने आणू नका. हे घडलेलं आहे.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकता येतील?

विचारून. दुर्मीळ जातीच्या चिठ्ठीवरचं गाव फोटोत दिसलं की तस्करांना पत्ता मिळाला म्हणून समजा.

माझ्या हातून काही बिघडलं तर?

तर लगेच सांगा. मी विद्यार्थिनी असताना एका संग्रहात ढालकिड्यांचे फोटो काढत होते. फोटोत चिठ्ठी आडवी येते म्हणून बारा किड्यांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने ठेवल्या, अगदी क्रमाने. मे महिना होता. कुणीतरी आत आलं, "काय उकडतंय" म्हणालं आणि पंखा लावला.

बारा चिठ्ठ्या खोलीभर. पहिली दहा मिनिटं मी कुणाला काही न सांगता त्या गोळा करत बसले, आणि तीच खरी चूक. मग सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, रजिस्टर घेऊन शेजारी बसले. चिठ्ठीला पडलेलं पिनेचं भोक मधोमध आहे की कडेला, कागद किती पिवळा, शाई कुठली, यावरून संध्याकाळपर्यंत नऊ जुळल्या. उरलेल्या तीन किड्यांवर त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं: "चिठ्ठी निश्चित नाही", खाली तारीख आणि माझं नाव. ते तिघे अजून तिथेच असतील. तेव्हापासून एका वेळी एकच चिठ्ठी काढते, आणि माझ्या खोलीत पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी आहे.

यातून पुढे नोकरी लागते का?

थेट या कामाच्या जागा थोड्या आहेत आणि त्या लवकर भरत नाहीत. पीएचडी, वनखात्यातले प्रकल्प, पर्यावरण सल्लागार कंपन्या, जैवविविधतेच्या माहितीचं काम, परदेशातले संग्रह, असे रस्ते आहेत. माझ्याकडच्या एकीने पुढे बँकेची परीक्षा दिली. आता ती गृहकर्जाच्या फायली तपासते आणि खाडाखोड केलेली तारीख तिला लांबून दिसते म्हणे.

येताना काय आणू?

बंद चपला किंवा बूट. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. एचबी पेन्सिल दोन, कारण बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि शिसं टिकतं. भिंग असेल तर तेही. जेवणाचा डबा आणा, पण तो आणि पाण्याची बाटली दाराबाहेरच्या बाकावर ठेवायची. बाकावर मांजर बसलेलं असेल, ते जिवंत आहे. डब्याला झाकण घट्ट लावा.